खिडकी एक, यंत्रं अनेक: बटण कोण काढतं आणि अक्षर कोण जुळवतं?

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एखाद्या देवस्थानाच्या कचेरीत पावत्यांसाठी सॉफ्टवेअर करायचं ठरलं, की पहिल्याच बैठकीत यंत्रांची यादी समोर येते. काउंटरवर विंडोज ७ वाला जुना कंप्युटर, खजिनदारांच्या घरी मॅक, हिशेब तपासणाऱ्या तरुण महाजनाच्या (देवस्थानाच्या सभासदाच्या) लॅपटॉपवर उबुंटू, म्हणजे लिनक्स, आणि जत्रेच्या दिवसांत रांगेजवळ उभ्या असलेल्या स्वयंसेवकांच्या हातात अँड्रॉइड फोन. काम सगळीकडे तेच: भक्ताचं नाव, गाव, सेवा, रक्कम, पावती. पण चार यंत्रांसाठी चार वेगळी सॉफ्टवेअर लिहायला ना वेळ असतो ना पैसा.

एकदाच लिहून सगळीकडे चालवायचं, यासाठी जी साधनं असतात त्यांना क्रॉस-प्लॅटफॉर्म जीयूआय टूलकिट म्हणतात; जीयूआय म्हणजे सॉफ्टवेअरचा खिडक्या-बटणांचा दर्शनी भाग. क्यूटी, जीटीके, डब्ल्यूएक्सविजेट्स, टीके, स्विंग, इलेक्ट्रॉन, टॉरी, फ्लटर, रिॲक्ट नेटिव्ह, अशी नावांची रांग मोठी आहे आणि नवख्या माणसाचं डोकं त्यातच गरगरतं. मी ही सगळी साधनं दोनच प्रश्नांनी तपासतो. पडद्यावरचं बटण कोण काढतं? आणि त्या बटणावरचं देवनागरी अक्षर कोण जुळवतं? पहिला प्रश्न कुठल्याही पुस्तकात सापडेल. दुसरा मात्र मराठी आणि कोकणीत काम करणाऱ्या आपणच लावून धरायला हवा.

आधी बटणाचं बघू. ‘पावती छापा’ या बटणावर तुम्ही क्लिक करता तेव्हा तुमच्या प्रोग्रॅमला ते लगेच कळत नाही. माउसचा इशारा आधी ऑपरेटिंग सिस्टिमकडे जातो. ती बघते की पडद्याच्या त्या ठिकाणी सगळ्यांत वर कोणाची खिडकी आहे, आणि त्या प्रोग्रॅमच्या नावाने एक निरोप रांगेत टाकते. प्रोग्रॅम सतत त्या रांगेतून एकेक निरोप उचलत असतो: माउस हलला, कळ दाबली, खिडकी मोठी केली, हा भाग पुन्हा रंगव. या फेऱ्याला इव्हेंट लूप म्हणतात. निरोप उचलल्यावर तो बिंदू कुठल्या बटणाच्या हद्दीत पडतो ते शोधलं जातं, बटण दाबल्यासारखं रंगवलं जातं, आणि मग तुम्ही लिहिलेला पावतीचा कोड चालतो. तो कोड दहा सेकंद अडून बसला तर तेवढा वेळ रांगेतलं काहीच उचललं जात नाही, खिडकी पांढरी पडते आणि विंडोज सांगतं की प्रोग्रॅम प्रतिसाद देत नाही. म्हणून हिशेबाची मोठी बेरीज किंवा इंटरनेटवरून माहिती आणणं असली कामं वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे त्याच प्रोग्रॅमच्या बाजूने चालणाऱ्या दुसऱ्या धाग्यावर, टाकायची असतात. कुठलंही टूलकिट घ्या, हा नियम सुटत नाही.

अडचण अशी, की ही रांग आणि ही खिडकी प्रत्येक सिस्टिमवर वेगळ्या पद्धतीने मिळते. विंडोजवर विन३२, मॅकवर ॲपकिट, अँड्रॉइडवर आणखी वेगळं. लिनक्सवर तर एक्स११ किंवा वेलँड या खिडक्या सांभाळणाऱ्या यंत्रणा तुम्हाला फक्त कोरी जागा देतात. बटण नावाची वस्तू त्यांना ठाऊकच नसते. टूलकिट हे सगळे फरक स्वतःच्या पोटात घेतं. ते कसं घेतं, यावरून त्यांच्या तीन जाती पडतात.

जत्रेला नाटक करणाऱ्या मंडळींना या तीन जाती चटकन समजतील. एक मंडळी त्या गावात मिळतील त्याच खुर्च्या-टेबलं वापरते. दुसरी रिकामा मांडव मागते, पण पडदे आणि सामान आपलं आणते. तिसरी आख्खा रंगमंच ट्रकात घालून फिरते.

पहिल्या जातीत डब्ल्यूएक्सविजेट्स येतं. १९९२ साली एडिंबरा विद्यापीठात ज्युलियन स्मार्ट यांनी ते सुरू केलं. तुम्ही ‘मला एक बटण दे’ म्हणालात की ते विंडोजवर विंडोजचंच बटण मागून आणतं, मॅकवर मॅकचं, लिनक्सवर जीटीकेचं. ऑडॅसिटी आणि फाइलझिला ही ओळखीची सॉफ्टवेअर यावरच उभी आहेत. फोनच्या जगात हीच वाट रिॲक्ट नेटिव्हने धरली, फेसबुकने ते २०१५ मध्ये खुलं केलं: कोड जावास्क्रिप्टमध्ये, पण पडद्यावरची बटणं अँड्रॉइडची आणि आयफोनची अस्सल. यात मिळणारी वस्तू वापरणाऱ्याच्या सवयीची असते, हा मोठा फायदा. पण तिन्ही सिस्टिमवर जे सामाईक आहे त्याच्या पलीकडे जायचं म्हटलं की दम लागतो. विंडोजचा तक्ता एक सोय देतो, मॅकचा देत नाही, मग तुम्ही कोडमध्ये ‘विंडोज असेल तर असं, नसेल तर तसं’ लिहीत बसता.

दुसऱ्या जातीची टूलकिटं सिस्टिमकडून कोरी खिडकी घेतात आणि प्रत्येक रेघ स्वतः काढतात. यातलं माझ्या मते सगळ्यांत भक्कम नाव क्यूटी. त्याचा जन्मच आपल्यासारख्याच गरजेतून झाला. १९९० च्या सुमारास नॉर्वेत होवार्ड नूर्ड आणि आयरिक शांब-एंग हे दोघे अल्ट्रासाउंडच्या चित्रांसाठी डेटाबेस लिहीत होते, आणि तो युनिक्स, मॅक आणि विंडोज अशा तिन्ही ठिकाणी चालायला हवा होता. त्यांनी त्यासाठी जे रचलं ते १९९५ मध्ये क्यूटी म्हणून बाहेर आलं. क्यूटी बटण स्वतः काढतं, पण विंडोजवर ते विंडोजसारखं आणि मॅकवर मॅकसारखं दिसावं म्हणून शैलीचा एक थर ठेवतं. व्हीएलसीची विंडोज आणि लिनक्सवरची खिडकी, ओबीएस स्टुडिओ, चित्रकारांचं कृता, नकाशांसाठीचं क्यूजीआयएस, ही सगळी क्यूटीची कामं.

जीटीके वेगळ्या घरातलं. बर्कलीतल्या दोन विद्यार्थ्यांनी जिंप हे चित्रं हाताळायचं सॉफ्टवेअर लिहिताना त्यासाठी म्हणून ते केलं. त्या काळात क्यूटीचा परवाना पुरता मुक्त नव्हता. केडीई या लिनक्स डेस्कटॉपने १९९६ मध्ये क्यूटी निवडल्यावर त्यावरून मोठा वाद झाला, आणि १९९७ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी जीटीकेच्या पायावर ग्नोम हा दुसरा डेस्कटॉप सुरू केला. आज क्यूटी एलजीपीएल या मुक्त परवान्यात मिळतं, त्यामुळे तो वाद मिटल्यात जमा आहे. पण पायथन भाषेतून क्यूटी वापरणाऱ्यांनी एवढं मात्र बघून घ्यावं: पायक्यूटी जीपीएलमध्ये आहे, त्यात गिऱ्हाइकाला स्वतःचा कोडही द्यावा लागतो, आणि पायसाइड एलजीपीएलमध्ये, त्यात तसं बंधन नाही. गिऱ्हाइकाला स्वतःचा कोड न देता सॉफ्टवेअर विकायचं असेल तर हा फरक पहिल्याच दिवशी ध्यानात घ्या, सगळं लिहून झाल्यावर बदलणं जिवावर येतं.

जावा या भाषेची गोष्ट मला फार शिकवून जाणारी वाटते, कारण तिथे दोन्ही वाटा चालून झाल्या. तिचं सुरुवातीचं टूलकिट एडब्ल्यूटी सिस्टिमची बटणं मागून आणायचं. प्रत्येक सिस्टिमवर ती थोडी थोडी वेगळी वागत, प्रोग्रॅमर हैराण होत. म्हणून १९९८ मध्ये जावा १.२ बरोबर स्विंग आलं, ते सगळं स्वतः काढतं. ते सगळीकडे सारखं वागू लागलं, पण कुठेच घरचं दिसेना आणि त्या काळच्या यंत्रांवर हळू चालायचं. मग आयबीएमने एक्लिप्स या कोड लिहायच्या सॉफ्टवेअरसाठी एसडब्ल्यूटी बनवून पुन्हा सिस्टिमचीच बटणं धरली. एकच वाट कायमची बरोबर असती, तर असे हेलपाटे झाले नसते.

गूगलचं फ्लटर याच दुसऱ्या जातीतलं, आणि ते तर पार टोकाला गेलं आहे. बटणच नव्हे, खिडकीतला प्रत्येक पिक्सेल ते स्वतःच्या इंजिनातून रंगवतं. भाषा डार्ट. डिसेंबर २०१८ मध्ये फोनसाठी त्याची पहिली पक्की आवृत्ती आली. विंडोजसाठी २०२२ च्या फेब्रुवारीत, मॅक आणि लिनक्ससाठी त्याच वर्षी मे महिन्यात. फोन हेच मुख्य यंत्र असेल आणि डेस्कटॉप नंतर, तर मी आज फ्लटरच सुचवतो.

तिसरी जात ब्राउझर बरोबर घेऊन फिरणाऱ्यांची. गिटहबने ॲटम या एडिटरसाठी जे केलं त्यालाच २०१५ मध्ये इलेक्ट्रॉन हे नाव मिळालं. आत क्रोमियम (क्रोमचा मुक्त गाभा) हा ब्राउझर आणि ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं नोड जेएस, वर तुमचं वेब पान. व्हीएस कोड, स्लॅक, डिस्कॉर्ड असेच चालतात. ज्याला वेबसाइट करता येते त्याला नवं काही शिकावं लागत नाही, आणि सगळीकडे तोच ब्राउझर असल्यामुळे पान तंतोतंत सारखं दिसतं. किंमत मात्र जबर. नुसती रिकामी खिडकी उघडणारं ॲपसुद्धा १०० एमबीच्या पुढे जातं, आणि अशी तीन ॲपं उघडली की ४ जीबी रॅमचा कंप्युटर रडकुंडीला येतो. टॉरी हे रस्ट भाषेतलं साधन यावर उतारा म्हणून आलं. ते सिस्टिममध्ये आधीच असलेला ब्राउझर वापरतं, त्यामुळे ॲप काही एमबींत मावतं. पण विंडोजवर तो ब्राउझर क्रोमियमच्या घराण्यातला असतो, मॅक आणि लिनक्सवर वेबकिट या दुसऱ्या ब्राउझर इंजिनाच्या. म्हणजे पान तिन्हीकडे तपासणं पुन्हा आलंच.

आता अक्षरांकडे वळू, कारण आपली खरी परीक्षा इथे आहे.

इंग्रजीत अक्षरं एकापुढे एक मांडली की काम झालं. देवनागरीत तसं नाही. ‘प्रियोळ’ हा शब्द कंप्युटरच्या आत सात खुणांनी साठवलेला असतो: प, हलन्त, र, ऱ्हस्व वेलांटी, य, ओकार, ळ. साठवताना वेलांटी ‘र’च्या नंतर येते, पण दिसताना ती ‘प्र’च्या आधी हवी, आणि प व र जोडून एकच आकार व्हायला हवा. हे जुळवण्याच्या कामाला शेपिंग म्हणतात. शेपिंग न जाणणारं टूलकिट खुणा आल्या तशा मांडतं. मग प दिसतो, त्याखाली लोंबणारा हलन्त, मग सुटा र, आणि त्यानंतर वेलांटी, जी वाचणाऱ्याला ‘य’ची वाटते. ‘डिचोली’ लिहिलं तर वेलांटी ‘च’ला चिकटते. ‘म्हार्दोळ’मधला रफार ‘द’च्या डोक्यावर जाण्याऐवजी पाय मोडलेला र होऊन ओळीत उभा राहतो.

विंडोज आणि मॅककडे स्वतःचं शेपिंग असतं, त्यामुळे सिस्टिमची बटणं मागून आणणाऱ्या टूलकिटांना ते आपोआप मिळतं. स्वतः काढणाऱ्यांना मात्र सोय करावी लागते. सुदैवाने हार्फबझ नावाची मुक्त लायब्ररी, म्हणजे शेपिंगचा तयार कोड, आहे. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड, लिब्रेऑफिस, क्यूटी, जीटीके, फ्लटर हे सगळे तिच्यावर विसंबतात. आपल्या भाषांसाठी या एका लायब्ररीने केलेलं काम फार मोठं आहे, आणि तिचं नाव कोणाला माहीत नसतं याचं मला वाईट वाटतं. ती जिथे नाही तिथे घोळ होतो. पायथन शिकणाऱ्या मुलांना पहिल्यांदा टीकेइंटर दाखवतात. त्याच्या खालचं टीके १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचं, शिकायला सोपं, आणि विंडोजवर मराठी ठीक दाखवतं. पण लिनक्सवर टीके ८.६ देवनागरी जुळवत नाही. फर्मागुढीच्या किंवा आणखी कुठल्या कॉलेजात प्रोजेक्ट करणाऱ्या मुलांनी हे आधी बघावं, म्हणजे सादरीकरणाच्या दिवशी दुसऱ्याच्या लॅपटॉपवर तोंडघशी पडावं लागणार नाही. कंप्युटर गेम बनवायच्या साधनांत लोकप्रिय असलेलं डिअर इमगुई हेही खुणेमागे एक आकार याच हिशेबाने चालतं, त्यामुळे मराठी खिडकीसाठी ते नको.

माझी तपासणीची ओळ ठरलेली आहे: ‘प्रियोळ, म्हार्दोळ, कुंकळ्ळी, डिचोली, दुसऱ्या’. नवं टूलकिट हाती आलं की बाकी काही करायच्या आधी ही ओळ मी एका बटणावर, एका तक्त्यात आणि एका लिहायच्या चौकटीत घालून बघतो. ‘कुंकळ्ळी’ त्यात मुद्दाम आहे. त्याला वर अनुस्वार, खाली उकार, आणि मध्ये जोडाक्षर. चौकटीची उंची इंग्रजीच्या मापाने पिक्सेलमध्ये ठोकून दिली असेल तर अनुस्वार किंवा उकार कापला जातो. उंची-रुंदी आकड्यांनी न ठोकता टूलकिटच्या लेआउटवर सोडली की हा प्रश्न बहुतेक वेळा सुटतो, आणि ‘सेव्ह’च्या जागी ‘नोंद जतन करा’ आल्यावर बटण आपोआप रुंदही होतं.

‘दुसऱ्या’चं कारण वेगळं. हा शब्द एका कीबोर्डवरून ‘ऱ’ वापरून टाइप होतो, तर दुसऱ्यावरून साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारी एक जोडखूण वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, शोधताना मात्र एक सापडतो आणि एक नाही. टूलकिट यात काही करत नाही; साठवण्यापूर्वी दोन्ही रूपं एक करून घेणं तुमच्या कोडचं काम. गोव्यात तर याच फॉर्मवर मराठी, कोकणी, इंग्रजी आणि पोर्तुगीज वळणाची नावं येतात, सी-खालची शेपटी आणि ए-वरची लाट घेऊन. त्या खुणांनाही साठवायच्या दोन रीती आहेत.

आणखी एक बारकावा. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांचं वळण हिंदीपेक्षा वेगळं असतं. ज्या फॉन्टात दोन्ही वळणं भरलेली असतात, तिथे मजकूर मराठी आहे हे टूलकिटने फॉन्टला सांगावं लागतं. वेब पानात भाषेची खूण मराठी ठेवली की होतं, फ्लटरमध्ये मजकुराच्या शैलीला लोकेल, म्हणजे भाषेची खूण, देता येतो. हे न केल्यास कोणाचं काम अडत नाही, पण देवस्थानाच्या पावतीवर ‘श्री’ आपल्या वळणाचा असावा असं मला मनापासून वाटतं.

पडद्यावर सगळं नीट दिसलं म्हणजे कागदावर येईलच असं नाही. क्यूटीत पडदा, छपाई आणि पीडीएफ हे एकाच यंत्रणेतून जातात, त्यामुळे जुळलेलं अक्षर जुळलेलंच राहतं. इलेक्ट्रॉनमध्येही ब्राउझरच पीडीएफ बनवतो. काउंटरवरच्या छोट्या थर्मल प्रिंटरची बात वेगळी. त्याला थेट मजकूर पाठवला की तो स्वतःच्या पोटातली अक्षरं वापरतो, आणि त्यांत देवनागरी सहसा नसते. उपाय सरळ आहे: पूर्ण पावती आधी टूलकिटकडून चित्र म्हणून काढून घ्यायची आणि ते चित्र प्रिंटरला द्यायचं. थोडं हळू छापतं, पण नाव बिनचूक येतं.

दृष्टिहीनांसाठी पडदा वाचून दाखवणाऱ्या एनव्हीडीए, व्हॉइसओव्हर, ऑर्का यांसारख्या साधनांना सिस्टिमचं बटण आपसूक ओळखता येतं. स्वतः काढलेलं बटण म्हणजे त्यांच्या लेखी नुसतं चित्र, टूलकिटने ओळख करून दिली तरच कळतं. क्यूटी, फ्लटर आणि क्रोमियम ती करून देतात. बटणाला नाव द्यायचं काम तेवढं तुम्ही चुकवू नका.

आणि तो विंडोज ७. मायक्रोसॉफ्टने त्याचा पाठिंबा जानेवारी २०२० मध्ये थांबवला. क्यूटी ६ ला किमान विंडोज १० लागतं, इलेक्ट्रॉनने २३ व्या आवृत्तीपासून विंडोज ७ आणि ८ सोडले, पायथनही ३.८ च्या पुढे तिथे चालत नाही. जुनं क्यूटी ५ वापरून वेळ मारून नेता येते, पण पैशांची नोंद ठेवणाऱ्या यंत्रावर ते करू नये. त्याच कंप्युटरवर हलकं लिनक्स घालावं आणि मराठी टाइप करायला आयबस हे साधन जोडून द्यावं. काउंटरवरच्या माणसाला इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी येत असेल तर त्याला नवं काही शिकायला लागत नाही.

तर मग त्या कचेरीसाठी मी काय निवडेन? आधी विचारेन की साधं वेब पान पुरेल का. पुरत असेल तर ॲपच्या भानगडीत पडू नये, ब्राउझर सगळ्या यंत्रांवर आहेच. पण पावसाळ्यात वीज आणि नेट दोन्ही गेल्यावरही लॅपटॉपच्या बॅटरीवर पावती फाटायला हवी असेल, आणि छपाई रोजची असेल, तर डेस्कटॉपला पायसाइड आणि क्यूटी. स्वयंसेवकांचे फोन हेच मुख्य असतील तर फ्लटर. इलेक्ट्रॉन मी तिथेच घेईन जिथे यंत्रं नवी आहेत आणि करणाऱ्याला फक्त वेब येतं. कुठलंही घेतलं तरी रकमांची बेरीज, पावतीचे क्रमांक, नोंदी साठवणं हा भाग खिडकीच्या कोडपासून वेगळ्या फाइलींत ठेवेन. टूलकिटं बदलतात, पावती क्रमांकाचे नियम बदलत नाहीत.

खर्च मांडताना शेवटचा टप्पा लोक विसरतात, तो वाटपाचा. एकच कोड असला तरी प्रत्येक सिस्टिमचं पॅकेज वेगळं बांधावं लागतं. आयफोनसाठी बांधायचं तर मॅक आणि एक्सकोड हे ॲपलचं ॲप बांधायचं साधन लागतातच, वर ॲपलची वर्षाची ९९ डॉलर फी. मॅकवरही ॲपलकडून तपासून न घेतलेलं ॲप उघडताना अडवलं जातं, आणि विंडोज ओळखीची डिजिटल सही नसलेल्या प्रोग्रॅमबद्दल निळ्या पाटीवर इशारा देतं. ती पाटी बघून काउंटरवरचा माणूस घाबरून फोन करतो. म्हणून सहीच्या प्रमाणपत्राचा खर्च अंदाजपत्रकात पहिल्याच बैठकीत लिहून ठेवा, आणि आयफोनची मागणी कोणी खरोखर केली आहे का, तेही त्याच बैठकीत विचारून घ्या.